खिळा, फर्मा, दस्ता : छापखान्याच्या बोलीची उपेक्षा

मराठी साहित्याच्या अभ्यासात ‘संहिता’ हा शब्द आता इतका रुळला आहे की पुस्तक ही एक वस्तू असते, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. कादंबरीचे कथनतंत्र, कवितेची प्रतिमासृष्टी, नाटकाची संरचना यांवर आपण वर्गात तास घेतो. पण ती कादंबरी किती फर्म्यांची होती, तिची जुळणी कशी झाली, ती कोणत्या कागदावर छापली गेली, हे प्रश्न आपल्याला साहित्यबाह्य वाटतात. ते मुद्रकाने आणि प्रकाशकाने पाहावेत, असा एक अलिखित संकेत आहे. या संकेताची किंमत आपण मोजत आहोत. छापखान्यात आणि कागदाच्या व्यवहारात दीड-दोनशे वर्षांत घडलेली मराठी शब्दसंपत्ती आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहे, आणि मराठीच्या प्राध्यापकांना त्याचे फारसे सोयरसुतक नाही. आमचे म्हणणे असे की ही शब्दसंपत्ती म्हणजे निव्वळ तांत्रिक परिभाषा नव्हे. तिच्यावाचून आधुनिक मराठी साहित्याचा इतिहास नीट वाचताच येत नाही.

प्रथम कागदाकडे पाहू. ‘कागद’ हा शब्द फारसीतून आला, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘दस्ता’ही फारसीच, ‘दस्त’ म्हणजे हात, आणि दस्ता म्हणजे हाताच्या मुठीत मावेल एवढा जुडगा. ‘रीम’ आपल्याला इंग्रजी वाटते; पण तिचे मूळ अरबी ‘रिझ्मा’ म्हणजे गठ्ठा या शब्दात आहे. कागद करण्याची विद्या अरबांकडून स्पेनमार्गे युरोपात गेली, तेव्हा तिच्याबरोबर हा शब्दही गेला आणि पुढे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. म्हणजे दस्ता आणि रीम हे दोघेही पश्चिम आशियातले. एक फारसीच्या वाटेने थेट आला, दुसरा युरोपला वळसा घालून आला, आणि कागदाच्या दुकानात दोघांची गाठ पडली. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे म्हणजे ४८० तावांचे रीम, हा जुना हिशेब. आता रीम ५०० तावांचे झाले आहे. ज्या ‘फुलस्केप’ कागदावर आपल्या पिढीने परीक्षेची उत्तरे लिहिली, त्याचे नाव तर युरोपातील जुन्या कागदावरच्या एका जलचिन्हावरून पडले. ते चिन्ह होते विदूषकाच्या टोपीचे. विद्यापीठीय गांभीर्याचा भार या टोपीने इतकी वर्षे वाहिला, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

कागद हा आपल्याकडे केवळ आयात माल नव्हता. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यानचे कागदीपुरा हे गाव आपल्या नावातच व्यवसाय सांगते. जुन्नरचा कागदही प्रसिद्ध होता. हातकागदाच्या कामाला स्वतःची क्रियापदे होती आणि ती सगळी घरगुती मराठीतली होती. चिंध्या कुटून लगदा करायचा, साच्यावर ताव उचलायचा, तो वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. खळ कशासाठी, तर शाई फुटू नये म्हणून. घोटाई कशासाठी, तर बोरू अडखळू नये म्हणून. जुन्या दप्तरांतील मोडीचे ते सलग, न थांबता धावणारे वळण पाहताना आपण लेखनिकाच्या हाताचे कौतुक करतो. त्या हाताखालचा कागद घोटणाऱ्याचे नाव आपल्या मनातही येत नाही. ‘घोटीव’ हे विशेषण आपण शैलीलाही लावतो. त्या विशेषणामागे दगड आणि दंड यांचे श्रम आहेत, एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

आज कागदाच्या बाजारात ‘जीएसएम’ हे माप चालते. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, असा त्याचा अर्थ. आम्ही या मापाचे विरोधक नाही. उलट ते अतिशय नेमके आहे. ए-शून्य आकाराचा ताव बरोबर एक चौरस मीटरचा असतो, ए-चार हा त्याचा सोळावा भाग. त्यामुळे ऐंशी जीएसएमच्या ए-चार कागदाचे वजन पाच ग्रॅम भरते, हे तोंडी सांगता येते. दस्ता हाताच्या मापाने मोजतो आणि जीएसएम तराजूने. आमची तक्रार एवढीच की नवे माप शिकताना जुना शब्द विसरलाच पाहिजे, अशी सक्ती कोणी केलेली नसताना आपण तो विसरलो.

आता छापखान्यात येऊ. १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. मराठीतील एवढे मोठे काव्य पहिल्यांदा छापले गेले आणि ते मराठीच्या लिपीत नव्हते, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे सेरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले आणि १८१० मधील त्यांचा कोश मोडी खिळ्यांनी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या खिळ्यांनी देवनागरीच्या सुबकतेचा मानदंड घालून दिला. हे दोघेही अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले होते. तिथे भाषा इंग्रजी, यंत्रे परदेशी. पण ज्या हातांनी काम आत्मसात केले त्यांची भाषा मराठी होती. छापखान्याची मराठी बोली घडली ती अशाच हातांतून.

ही बोली कशी घडली, हे पाहण्याजोगे आहे. शिशाच्या मिश्रधातूच्या, टोकाला उलटे अक्षर असलेल्या तुकड्याला कोणी ‘अक्षरमुद्रा’ म्हटले नाही, ‘खिळा’ म्हटले. लांबट आहे, धातूचा आहे, म्हणून खिळा. खिळे जुळवणारा तो ‘जुळारी’. ‘पुजारी’, ‘कोठारी’ यांच्या चालीवर हा शब्द इतका सहज बसला आहे की तो नव्याने घडवलेला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येऊ नये. जिथे मराठी शब्द सुचला तिथे तो घेतला. जिथे नाही सुचला तिथे ‘गॅली’, ‘स्टिक’, ‘ट्रेडल’, ‘फर्मा’ हे शब्द कानाला पडले तसे उचलले आणि मराठीची विभक्ती लावून टाकली. ‘फर्म्याला’, ‘गॅलीत’, ‘ट्रेडलवर’ म्हणताना कोणाची अस्मिता दुखावली नाही. शब्द स्वदेशी की परदेशी, हा वाद या कामाच्या जागी कधी झालाच नाही. शब्दाने काम होते की नाही, एवढाच निकष होता.

या बोलीची विनोदबुद्धी पाहायची असेल तर ‘मुद्राराक्षस’ हा शब्द घ्यावा. इंग्रज छापखान्यातील उमेदवार पोराला ‘प्रिंटर्स डेव्हिल’ म्हणत. मराठीत त्या सैतानाला राक्षस भेटला आणि तोही थेट विशाखदत्ताच्या नाटकातून. नाटकातील ‘मुद्रा’ म्हणजे राक्षस नावाच्या अमात्याची अंगठी; छापखान्यातील ‘मुद्रा’ म्हणजे छपाई. दोन्हींचा सांधा जुळवून ‘हा मुद्राराक्षसाचा प्रताप आहे’ असे म्हणण्याची सोय झाली आणि चुकीचे खापर ना लेखकावर, ना जुळाऱ्यावर, तर एका अदृश्य राक्षसावर फुटले. संस्कृत नाटक, इंग्रजी छापखाना आणि मराठी थट्टा यांचा असा संगम कोणत्याही समितीच्या बैठकीत झाला नसता. तो ज्या कोणाला सुचला, त्याला संस्कृतही ठाऊक होते आणि छापखानाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे मनोरंजक आहे. पण साहित्याच्या अभ्यासाशी याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो तीन शब्दांच्या आधारे दाखवता येतो.

पहिला शब्द ‘फर्मा’. अठरा बाय तेवीस इंचांचा डेमी ताव तीनदा दुमडला की आठ पाने होतात, म्हणजे सोळा पृष्ठे. छाटणीनंतर साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पुस्तक मिळते. यालाच ‘डेमी एक अष्टमांश’ म्हणतात आणि मराठीतील असंख्य कथासंग्रह, कादंबऱ्या, समीक्षाग्रंथ याच आकारात निघाले आहेत. म्हणून पुस्तकाची पृष्ठसंख्या पुष्कळदा सोळाच्या किंवा निदान आठाच्या पटीत असते : १६०, १६८, १७६. मजकूर १६३ पृष्ठांचा झाला तर काय करायचे? तीन पृष्ठे तरी छाटायची, नाहीतर अर्धा फर्मा वाढवून उरलेल्या पाच पृष्ठांवर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात टाकायची, किंवा ती कोरी सोडायची. संग्रहातली शेवटची कविता तिथे का आहे, प्रस्तावना अचानक आटोपती का घेतली आहे, अर्पणपत्रिकेची मागची बाजू कोरी का, याचे उत्तर कधी कवीच्या अंतःकरणात नसते. ते फर्म्याच्या हिशेबात असते. प्रत्येक वेळी असेल असे नाही. पण ही शक्यता ठाऊक नसलेला अभ्यासक अपघाताला हेतू समजतो आणि त्यावर निबंध लिहितो.

दुसरा शब्द ‘शुद्धिपत्र’. जुन्या पुस्तकांच्या शेवटी किंवा आरंभी ही लांबलचक यादी असते आणि विद्यार्थी विचारतात, चुका कळल्या होत्या तर दुरुस्त का केल्या नाहीत? उत्तर खिळ्यांच्या संख्येत आहे. देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. लहान छापखान्याजवळ अख्खे पुस्तक एका वेळी जुळवून ठेवण्याइतके खिळे नसत. त्यामुळे एकदोन फर्मे जुळवायचे, तपासायचे, छापायचे, खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे आणि मग पुढचे फर्मे घ्यायचे, अशी रीत होती. लेखक दहाव्या फर्म्याची मुद्रिते वाचत असताना पहिला फर्मा छापून झालेला असे. त्यातली चूक आता ध्यानात आली तरी ती सुधारण्याची एकच जागा उरे : शुद्धिपत्र. याच अडचणीने लिपीलाही हात घातला. लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. सावरकरांच्या लिपिसुधारणेत ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी अ-ची बाराखडी आली, तिच्यामागेही छपाईची सोय हे एक मोठे कारण होते. त्या काळातील काही पुस्तकांत व नियतकालिकांत हे लेखन आढळते तेव्हा आजचा विद्यार्थी त्याला अशुद्ध समजतो. ती अशुद्धी नव्हे, खिळ्यांची बचत आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘आवृत्ती’. खिळे सोडवून टाकल्यावर पुस्तक पुन्हा काढायचे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळणी. नव्या जुळणीत जुन्या चुका जात, नव्या येत. लेखकाला बदल करण्याची संधी मिळे. कधी शुद्धलेखनाचे नियमच बदललेले असत. म्हणजे दुसरी आवृत्ती ही खरोखरच दुसरी संहिता होण्याचा संभव असे. ऑफसेट आल्यावर फिल्म किंवा प्लेट, आणि नंतर संगणकातील फाइल, जशीच्या तशी पुन्हा वापरता येऊ लागली. आता जे निघते ते बहुधा पुनर्मुद्रण असते. पण ‘दुसरी आवृत्ती’, ‘तिसरी आवृत्ती’ हे शब्द छापले जातच आहेत. मागणीनुसार पाच-दहा प्रती छापण्याच्या आजच्या पद्धतीत तर आवृत्ती कशाला म्हणायचे, हाच प्रश्न आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांची पाठचिकित्सा आपण परंपरेने करतो; मुद्रित पुस्तक मात्र सर्वत्र सारखेच असते, असे गृहीत धरून कोणतीही हाताला लागलेली प्रत प्रबंधात उद्धृत करतो. डी. एफ. मॅकेंझी यांनी १९८५ च्या पॅनिझी व्याख्यानांत हेच प्रतिपादन केले होते की पुस्तकाचे भौतिक रूप त्याच्या अर्थात भाग घेते. आपण त्यांचे नाव कदाचित उद्धृतही करू. पण घरच्या ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ या शब्दांतला भेद पाळणार नाही.

मग हे शब्द गेले का? खिळे गेले म्हणून शब्द गेले, हे सोपे उत्तर आहे आणि ते अपुरे आहे. इंग्रजीतही खिळे गेले. पण दोन ओळींमध्ये घालायच्या शिशाच्या पट्टीवरून आलेले ‘लेडिंग’ संगणकात आजही आहे. वरच्या आणि खालच्या खणांवरून आलेले ‘अप्परकेस’ आणि ‘लोअरकेस’ आहेत. ओतकामावरून आलेला ‘फॉन्ट’ तर शाळकरी मुलाच्याही तोंडी आहे. त्या जुळाऱ्यांची बोली नव्या यंत्रात शिरली. आपल्याकडे यंत्र आले ते इंग्रजी शब्दांसह आले आणि ‘खिळा’, ‘जुळारी’, ‘खण’ हे शब्द शिशाबरोबर मोडीत निघाले.

याला एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. आजही मराठी पुस्तकाच्या श्रेयनामावलीत ‘अक्षरजुळणी’ असा शब्द छापलेला आढळतो. जुळवायला एकही खिळा नसताना हा शब्द टिकला. तसेच ‘मुद्रक’, ‘मुखपृष्ठ’, ‘मुद्रितशोधन’ हेही टिकले. कारण उघड आहे. हे शब्द त्या पृष्ठावर होते जे लेखक, प्रकाशक आणि वाचक पाहत होते. जे शब्द छापखान्याच्या जमिनीवरच राहिले, ते लिहिणाऱ्या माणसाच्या कानावर पडले नाहीत, आणि म्हणून गेले. मराठीत लिहिणारे आणि मराठी जुळवणारे यांच्यातील अंतर या यादीत स्पष्ट दिसते. आपल्या वाङ्मयेतिहासात संपादकांना प्रकरणे मिळतात. ज्याने अख्खी कादंबरी उलट्या अक्षरांत, उभ्याने वाचली, त्याला तळटीपही मिळत नाही. गिरगावातील खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्यूरो आणि मौज प्रकाशन यांच्या रूपाने छापखाना आणि संपादन एकमेकांच्या सान्निध्यात नांदले, आणि त्या पुस्तकांच्या निर्दोषपणाची ख्याती झाली. ही जवळीक अधिक ठिकाणी असती तर अधिक शब्द वाचले असते, असे मानायला जागा आहे.

शासकीय परिभाषेलाही येथे दोष देण्याची प्रथा आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, कोश निघाले, आणि त्यांतील संस्कृतप्रचुर शब्दांची चेष्टा करणे सोपे झाले. आम्ही त्या चेष्टेत सामील होऊ इच्छित नाही. ‘जलचिन्ह’ हा चांगला शब्द आहे, ‘मुद्रणप्रत’ही. विश्वकोशातील मुद्रण आणि कागद यांविषयीच्या नोंदी आजही उपयोगी आहेत. आक्षेप आहे तो क्रमाविषयी. परिभाषा करताना आधी कामाच्या जागी जाऊन तिथे कोणता शब्द आहे, हे विचारायला हवे होते. ‘शिळाछाप’ असताना ‘शिलामुद्रण’ केल्याने ज्ञानात भर पडली नाही. फक्त गणपत कृष्णाजींशी असलेले नाते एका पायरीने दूर गेले. आणि हे नाते जिवंत आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या ज्या तत्त्वावर शिळाछाप चाले, त्याच तत्त्वावर आजचे ऑफसेट चालते; शिळेची जागा धातूच्या प्लेटने घेतली आणि मध्ये रबराचे वेष्टन आले, एवढेच. हे विद्यार्थ्याला सांगायचे तर ‘शिळाछाप’ हाच शब्द हवा.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि त्याला बगल देणे योग्य नव्हे. शिशाच्या धुळीत, अपुऱ्या उजेडात, अल्प वेतनावर काम करणाऱ्यांची भाषा जतन करण्याचा हा आग्रह म्हणजे सुखवस्तू प्राध्यापकांची स्मरणरंजने नव्हेत काय? ट्रेडल बंद पडले, बरे झाले, असे त्यावर राबलेला माणूस म्हणेल. आम्हांला हे मान्य आहे. त्या श्रमांचे उदात्तीकरण आम्हांला करायचे नाही. शिसे परत यावे, अशीही इच्छा नाही. पण श्रम कष्टप्रद होते म्हणून त्यांची भाषाही पुसून टाकावी, हा न्याय उलटा आहे. कष्ट त्यांनी केले, आणि त्यांतून जे ज्ञान उपजले त्याची नोंदही राहू नये, हे दुहेरी नुकसान झाले. लोकगीते आणि जात्यावरच्या ओव्या आपण याच विचाराने गोळा केल्या. जाते परत आणण्यासाठी नव्हे.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो. अ. का. प्रियोळकर यांचा भारतातील छपाईवरचा ग्रंथ १९५८ चा, आणि बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ १९७१ चा. हे पायाभूत काम इंग्रजीत आहे. नाईकांचे ‘भारतीय ग्रंथमुद्रण’ मराठीत आहे. निदान ते एम. ए. च्या विद्यार्थ्याच्या हाती पडावे. भाषाविज्ञानाच्या क्षेत्रकार्यात बोलींच्या सर्वेक्षणाबरोबर व्यवसायबोलींनाही स्थान असावे; प्रत्येक तालुक्याच्या गावी खिळ्यांवर काम केलेली माणसे आज वृद्धावस्थेत आहेत, आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले छापणाऱ्या अशा छापखान्यांनीच अनेक स्थानिक कवींचे पहिले संग्रहही छापले. बांधणी करणाऱ्यांकडेही जावे. खळीत मोरचूद का घालतात, शिलाईचे पुस्तक टिकते आणि ‘परफेक्ट’ म्हणवणाऱ्या नुसत्या डिंकाच्या बांधणीची पाने का सुटतात, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि पीएच. डी. च्या प्रबंधात ज्या पुस्तकाचा विचार केला आहे, त्याची वापरलेली आवृत्ती, आकार, मुद्रक आणि पूर्वीच्या आवृत्तीशी ताडून पाहिल्याची नोंद असावी. यांतल्या कशालाही अनुदान लागत नाही. एक वही, थोडा वेळ आणि समोरच्याला ‘काका, याला तुम्ही काय म्हणता?’ असे विचारण्याची तयारी पुरेशी आहे.

शब्द कोशात गेला म्हणजे तो जगला, असे नाही, हे आम्ही जाणतो. ‘जुळारी’ पुन्हा कोणाच्या तोंडी रुळणार नाही. पण तो कोण होता आणि त्याने आपल्यासाठी काय वाचले, हे सांगता येणारा मराठीचा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गातून बाहेर पडावा. खिळ्यांवर काम केलेली माणसे आणखी किती वर्षे भेटतील, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावापुरता करून पाहावा. मग हे काम पुढच्या सत्रावर ढकलावे की नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.